पायरीवरचा हिरवा ड्रेस

"बाबा, यंदा नाताळच्या फोटोला सगळ्यांनी जुन्या धर्तीचे कपडे घालायचे," कॅरिन म्हणाली आणि तिने ओव्हनमधून काढलेल्या खिमा-बटाट्याच्या हॉटडिशचं गरम भांडं माझ्यापुढे ठेवलं. "शहात्तर सालच्या फोटोत आहेत ना, तसे. फक्त तुमचे ते कल्ले नकोत."

"कल्ले नसतील तर तो शहात्तर सालचा फोटो कसला?" डेल म्हणाला. डेल माझा मुलगा, कॅरिनहून धाकटा. बहिणीला डिवचल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

रविवार होता. चर्च सुटल्यावर सगळे नेहमीसारखे जेवायला आमच्याकडे आले होते. आमच्याकडे म्हणजे आता माझ्याकडे. ते म्हणायची मला अजून सवय झालेली नाही.

कॅरिन म्हणत होती तो फोटो फ्रिजच्या दारावर लावलेला आहे. आमच्या लग्नानंतरचा पहिला नाताळ. घरापुढच्या तिसऱ्या पायरीवर मी ताठ उभा आहे, आणि शेजारी माझी बायको, मार्लिस. अंगात गडद हिरव्या मखमलीचा पायघोळ ड्रेस, गळ्याशी लेसची कॉलर. तिचा एक पाय पायरीवर आहे आणि दुसरा हवेत. कारण कॅमेरा तिने समोर खुर्चीवर, प्रार्थनेच्या पुस्तकांच्या चळतीवर ठेवला होता, टायमर लावला होता आणि ती पळत आली होती. पुढे कॅमेरे बदलले, पोरं झाली, वाढली, पण दरवर्षी कॅमेरा लावून पळत यायचं काम तिचंच. एकाही फोटोत ती धड उभी नाही. नुकतीच येऊन पोचलेली आहे.

फोटोचा दिवसही तिनेच ठरवलेला. हरणांची शिकार सुरू व्हायच्या आधीचा शनिवार. शिकार सुरू झाली की आमच्या मिनेसोटातले पुरुष दाढी करत नाहीत आणि त्यांच्या अंगाला काय काय वास येतात, म्हणून.

"मी फोटो बघूनच ड्रेस शोधतेय," कॅरिन म्हणाली. "मूळचा तर आईने चर्चच्या जुन्या बाजारात देऊन टाकला."

"आणि जिने तो घेतला तिने त्याच्या उशा शिवल्या," व्हर्ना म्हणाली. व्हर्ना ही मार्लिसची थोरली बहीण. "मी बसलेय त्या उशीवर. टोचते."

"तसाच मिळाला की मी घालणार आणि बाबांच्या शेजारी उभी राहणार. तिसऱ्या पायरीवर."

"नको," मी म्हणालो.

"काय नको? बटाटे?"

"फोटो. यंदा नको."

"बरं," कॅरिन म्हणाली आणि तिने मला बटाटे वाढले.

"बाबांचं एक झालं," डेल तोंडात घास ठेवून म्हणाला.

आमच्याकडे हे असंच आहे. कोणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नको, त्रास कशाला घेता, असं म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की बरं, अर्धा कप, आणि मग दोन कप प्यायची. पहिला नकार म्हणजे घसा साफ करणं. माझ्या आजोबांनी नॉर्वेहून येताना दुसरं काही आणलं की नाही ठाऊक नाही, हे मात्र आणलं.

टेबलाशी एकटी डेनिस जेवायची थांबली. डेनिस डेलची बायको, टेक्सासची. तिने काटा खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या गावाकडे नको म्हणजे नको. लग्नानंतर पहिल्यांदा मार्लिस तिच्या घरी जेवायला गेली, तेव्हा डेनिसने विचारलं, "आणखी ॲपल-पाय घेणार?" मार्लिस म्हणाली, "नको गं." डेनिसने ताटली उचलली आणि फ्रिजमध्ये ठेवून दिली. त्यानंतर मार्लिस डेनिसकडे जाताना घरूनच काहीतरी गोड खाऊन जायची.

मला फोटो का नको होता, ते सांगतो. कॅरिन बांध्याने आईसारखी आहे. ती त्या ड्रेसमध्ये माझ्या बाजूला, तिच्या आईच्या जागेवर उभी राहिली असती, आणि कधीतरी माझी मान वळली असती. क्षणभर मला ती मार्लिसच वाटली असती, आणि मग तो क्षण संपला असता. तो संपणं मला नको होतं. पण फेब्रुवारीत मार्लिस गेल्यानंतर कॅरिन पहिल्यांदाच कशाच्या तरी मागे उत्साहाने लागली होती. तिला हे कसं सांगायचं? मी बटाटे खाल्ले.

पहिला ड्रेस इंटरनेटवरून आला. जुन्या धर्तीचा, पण नवा. चित्रात मखमल दिसत होती. खोक्यातून निघालं ते न्हाणीघराच्या पडद्यासारखं चकाकत होतं, आणि बाह्या कंदिलासारख्या फुगलेल्या. कॅरिनला तो इतका सैल झाला की डेल म्हणाला, "उरलेल्या जागेत भाडेकरू ठेव."

"शेगडीजवळ जाऊ नकोस," व्हर्ना कापड चिमटीत धरून म्हणाली. "वितळशील."

मला मनातून बरं वाटलं. वाटलं, आता नाद सुटेल. पण डुलुथ शहरात टेकडीवर एक जुन्या कपड्यांचं दुकान आहे, आणि तिथे हिरवी मखमल आहे, असं कोणीतरी कॅरिनला सांगितलं. बर्फ पडून गेलं होतं. हिवाळी टायर फक्त डेनिसच्या गाडीला चढवलेले होते, म्हणून कॅरिनला तिच्याबरोबरच जावं लागलं.

फेब्रुवारीपासून या दोघी एका गाडीत बसल्या नव्हत्या. झालं होतं असं, की हॉस्पिटलात डॉक्टरांनी मार्लिसला विचारलं, औषधांची आणखी एक फेरी घेऊ या का? मार्लिस म्हणाली, "नको." कॅरिन आणि मी थांबलो. आम्हाला वाटलं, हा पहिला नकार. आता आपण पुन्हा विचारायचं, मग पुन्हा. डेनिस मात्र डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "त्या नको म्हणाल्या." मार्लिसने डोळे मिटले आणि मान हलवली. आम्ही तिला घरी आणलं. तिचे शेवटचे दिवस तिच्या खिडकीशी, बाहेर दाणे टिपायला येणाऱ्या पक्ष्यांकडे बघत गेले. कॅरिनने डेनिसला त्याबद्दल एक शब्दही ऐकवला नाही. आमच्याकडे न बोलणं हेच ऐकवणं.

दुकानात काय झालं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. मी दोन्ही सांगतो.

कॅरिन सांगते ते असं. दुकान बंद व्हायला आलं होतं. ड्रेस समोरच पुतळ्यावर होता. तोच हिरवा, तशीच लेस. ती सरळ त्याच्यापाशी गेली. इतक्यात डेनिस म्हणाली, "अगं बाई, किती सुरेख! तुला हवाय?" आता एकदम हो कसं म्हणायचं? कॅरिन म्हणाली, "नको नको, तूच घाल. तुला रंग खुलेल." डेनिसने पुन्हा विचारलं, "नक्की?" कॅरिन म्हणाली, "हो गं, घे तू." तिसऱ्या वेळेसाठी तिचं वाक्य तयार होतं. "बरं, तू इतका आग्रह करतेस तर..." पण डेनिस तोवर पैसे द्यायला गेलीसुद्धा.

डेनिस सांगते ते असं. ती मला नावानेच हाक मारते. "ऑरिन, मी तिला दोनदा विचारलं. दोनदा! आमच्याकडे दोनदा विचारणं म्हणजे समोरच्याला बहिरा समजणं. ती म्हणाली तू घे. मला भरून आलं. म्हटलं, फेब्रुवारीचं सगळं विसरली ही, मला आईच्या रंगाचा ड्रेस देतेय. आतल्या पट्टीवर चौदा नंबर होता. माझाच. दुकानवाली म्हणाली, घेतलेला माल परत होणार नाही. मी म्हटलं, परत कोण करतंय?"

इथे कॅरिनने एक गोष्ट केली, ती तिने मला नंतर सांगितली. मार्लिस कपडे शिवायची, त्यामुळे कॅरिनला लहानपणापासून माहीत होतं की त्या काळचे नंबर आजच्यापेक्षा बरेच लहान असतात. तेव्हाचा चौदा म्हणजे आजचा फार तर आठ. आणि डेनिस चांगली धष्टपुष्ट बाई आहे. कॅरिनने ती पट्टी पाहिली, डेनिसकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान."

परतीच्या वाटेवर दोघी गप्प. डेनिसला वाटलं, हिला आईची आठवण येतेय. म्हणून तिने मायेने रेडिओ लावला. कॅरिन खिडकीतून दोन तास झाडं मोजत बसली.

बुधवारी डेनिस ड्रेस घेऊन माझ्याकडे आली. मार्लिसचं शिवणाचं मशीन इथेच आहे.

"माझ्या एका पायाला अगदी बरोबर बसतो," ती म्हणाली. "दुसऱ्याचं काय करायचं ते व्हर्नाला विचारायला आलेय."

व्हर्ना आलीच होती, आणि काय होतंय ते बघायला म्हणून कॅरिनही आली होती. व्हर्नाने ड्रेस उलटसुलट केला, चष्मा चढवला. "शिवण सुटेल का ते उजेडात बघते," असं म्हणून ती न्हाणीघरात गेली. कॅरिन आणि डेनिस स्वयंपाकघरात एकमेकींना कॉफी विचारत बसल्या.

मी बाहेरच्या खोलीत होतो. बराच वेळ गेला. मग आतून दबका आवाज आला. "ऑरिन, तू एकटाच आहेस का रे तिथे?"

"हो."

"मग ये इकडे. पकड घेऊन ये. आणि कोणाला बोलावू नकोस."

व्हर्ना बोळात उभी होती. तिने ड्रेस अंगात घातला होता. डावा हात सरळ वर, जसं काही वर्गात उत्तर देतेय. काखेखाली पितळी चेन होती आणि ती अस्तरात अडकून बसली होती.

"मी फक्त बघत होते," व्हर्ना भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मागे उघडतो असं वाटलं. मागे काही नाहीच. माझ्या वयाला माणूस हात वर करून मेलेला सापडला तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, शेवटी तरी हिला काहीतरी येत होतं."

"हसतोस काय, काढ ते!"

माझं आयुष्य लोकांच्या तळघरात घर तापवणारे फर्नेस दुरुस्त करण्यात गेलं. अडकलेल्या लोखंडाशी कसं वागायचं ते मला कळतं. जोर लावायचा नाही. मी खणातून मेणबत्ती काढली आणि चेनीच्या दातांवर घासायला लागलो. बोळाच्या टोकाच्या खिडकीतून दुपारचा उजेड येत होता. बर्फावरून येतो तसा, पांढरा. मी मान वर केली, आणि समोर हिरवी मखमल होती आणि वर खांदे होते. बहिणीबहिणींचे खांदे सारखे असतात, हे इतकी वर्षं कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

माझा हात थांबला.

"काय झालं? तुटली का?" व्हर्नाने विचारलं.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. पण ती व्हर्ना आहे. म्हणाली, "मी तिच्याइतकी देखणी नाही, माहीत आहे मला. पण म्हणून इतकं तोंड पाडायला नको."

मी हसलो. हसताना नाक पुसावं लागलं. तेवढ्यात आवाज ऐकून दोघी बोळात आल्या. कॅरिनने व्हर्नाला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"बाबा! बघा ना! अगदी तस्साच. शनिवारी तुमच्या शेजारी हा..."

"नको, कॅरिन."

"अहो, सैल करू आपण. बाजूने पट्ट्या घालून..."

"ते नको म्हणाले," डेनिस म्हणाली.

तो आवाज आम्ही सगळ्यांनीच आधी एकदा ऐकला होता. कॅरिन हळूहळू वळली.

"तू पुन्हा तेच करतेस."

"हो, करते."

"तुला आमच्याकडची रीत कळत नाही."

"न कळायला काय झालं? इतकी वर्षं तुमच्यात काढली मी. तीनदा विचारायचं असतं. मग विचार ना! त्या दिवशी जेवताना ते एकदा नको म्हणाले. आज दुसऱ्यांदा म्हणाले. तू तिसऱ्यांदा विचारतच नाहीस, कारण उत्तर काय येईल ते तुला माहीत आहे."

"तूच विचारत नाहीस! दुकानात नाही विचारलंस मला!"

"मी दोनदा विचारलं!"

"तिसऱ्यांदा कोण विचारणार होतं? दुकानवाली?"

डेनिसचं तोंड उघडंच राहिलं. "तुला... तो ड्रेस हवा होता?"

"अर्थात हवा होता!"

"मग तसं बोलायचं!"

"असं कसं बोलणार!" कॅरिन ओरडली. ती ओरडलेली मी तिच्या शाळेनंतर ऐकली नव्हती.

"मुलींनो," व्हर्ना म्हणाली, "तुमचं चालू द्या. फक्त माझा हात अजून वर आहे."

कॅरिन रडायला लागली आणि रडता रडता तिला हसू आलं. तिने बाहीने डोळे पुसले. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली. आवाज अगदी लहान होता.

"बाबा, फोटो काढायचा ना?"

हे तिसऱ्यांदा होतं. आता खरं सांगावंच लागतं.

"फोटो काढू," मी म्हणालो. "फोटोचं काही नाही. पण तिच्या जागेवर दुसरं कोणी उभं राहिलेलं मला बघवणार नाही, बाळा. या ड्रेसमध्ये तर नाहीच. तू असलीस तरी."

कॅरिनने माझ्या हातातली मेणबत्ती घेतली आणि ती उगाच फिरवत राहिली. "मला वाटलं, ती जागा रिकामी दिसली तर तुम्हाला सोसणार नाही. म्हणून मी ती भरायला बघत होते."

"मला माहीत आहे."

"मग काय करायचं?"

"ते मला अजून माहीत नाही."

"मला माहीत आहे," व्हर्ना म्हणाली. "आधी चेन."

मेण लावलेली चेन एका झटक्यात खाली आली. व्हर्नाने हात खाली घेतला आणि दुसऱ्या हाताने त्याला धरून बसली, जसं परगावहून आलेल्या पाहुण्याला धरावं. कपडे बदलून आली तेव्हा डेनिसने तिच्याकडून ड्रेस घेतला आणि कॅरिनपुढे धरला.

"घे. तुझा आहे."

"नको, तू घेतलास तो."

"हे एक झालं. उरलेले दोन पटकन म्हणून टाक."

कॅरिनने तिच्याकडे पाहिलं. "नको. नको."

"झालं?"

"दे इकडे," कॅरिन म्हणाली. मग ड्रेस छातीशी धरून तिने खाली बघत सांगून टाकलं, की चौदाची गोष्ट तिला दुकानातच कळली होती. डेनिसने आधी ड्रेसकडे पाहिलं. मग इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "म्हणजे तुम्ही लोक हवं म्हणत नाही, पण सूड बरोबर घेता!"

शनिवारी थंडी होती, पण आकाश निळं होतं. पायऱ्यांवरचं बर्फ मी सकाळीच काढून ठेवलं. व्हर्नाने ड्रेसच्या दोन्ही बाजूंना मार्लिसच्या कापडांच्या पेटीतल्या हिरव्या कॉर्डुरॉयच्या पट्ट्या घातल्या होत्या. मूळ कापडात आणि त्यात बराच फरक होता.

"हात खाली ठेव," तिने कॅरिनला बजावलं. "हात खाली असले की राणी दिसतेस. वर केलेस की सोफा."

डेलने माझा जुना तपकिरी कोट घातला होता. डेनिसने काय घालावं? तो इंटरनेटवाला कंदील. तिला तो मापात बसला आणि उन्हात असा चमकत होता की रस्त्यावरून जाणाऱ्या एका गाडीने वेग कमी केला. डेनिसची कॉलर मागे दुमडली होती. कॅरिनने ती हलक्या हाताने सरळ केली.

कॅरिनने समोर तिकाटण्यावर फोन लावला आणि खिशातून एक छोटं बटण काढलं. "हे हातात धरायचं आणि दाबायचं. आता कोणाला पळायला नको."

सगळे पायऱ्यांवर चढले. तिसऱ्या पायरीवर मी नेहमीच्या जागी उभा राहिलो. माझ्या बाजूची जागा कोणी घेतली नाही. कॅरिन मुद्दाम मागच्या पायरीवर, डेलच्या आड जाऊन उभी होती. मी त्या जागेकडे पाहिलं. वाटलं तितकी ती अनोळखी नव्हती. दरवर्षी मी ती जागा अशीच पाहत आलो होतो. मार्लिस कॅमेऱ्याशी खटपट करत असायची, आणि ती पोचेपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामीच असायची. त्या रिकाम्या जागेचं मला कधी काही वाटलं नव्हतं, कारण कोणीतरी पळत येत होतं.

"कॅरिन," मी म्हणालो, "ते बटण खिशात ठेव. फोनला टायमर आहे का?"

"आहे. का?"

"मी लावतो. तू खाली ये आणि माझ्या जागेवर उभी राहा. इथे, जिथे मी आहे."

"आणि तुम्ही?"

"मी तिथे," मी शेजारी बोट दाखवलं. "पण पळत येणार."

"बाबा, तुमचा गुडघा!" डेल म्हणाला. "बर्फ आहे."

"पळू दे त्याला," व्हर्ना म्हणाली. "मार्लिस उंच टाचा घालून पळायची."

कॅरिन एक पायरी खाली उतरली आणि माझ्या जागेवर उभी राहिली. हात खाली. मी तिकाटण्यापाशी गेलो. फोनवर कुठे दाबायचं ते डेनिसने ओरडून सांगितलं. तिथून मी त्यांना सगळ्यांना पाहिलं, जसं मार्लिसने दरवर्षी पाहिलं असणार. चार माणसं, वेड्यासारखे कपडे घातलेली, थंडीत दात दाखवणारी, आणि मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. मला कळलं, ती एवढी हसत का पळत यायची.

मी बटण दाबलं आणि पळालो.

पळालो म्हणजे माझ्या वयाला जमेल तसा. पहिली पायरी नीट चढलो. दुसरीवर बूट घसरला. व्हर्ना किंचाळली, कॅरिनने दोन्ही हात उचलून माझा दंड धरला आणि फोनमध्ये खट्ट झालं.

तो फोटो आम्ही सगळ्यांनी डोकी लावून पाहिला. कॅरिनच्या काखेखालचं कॉर्डुरॉय कानापर्यंत दिसत होतं. डेल खोकत होता. डेनिस आरशासारखी चमकत होती. माझा एक पाय पायरीवर होता, दुसरा हवेत, डोळे मिटलेले आणि तोंड सताड उघडं.

"मार्लिस इतकी वाईट कधीच आली नव्हती," व्हर्ना म्हणाली.

"ऑरिन," डेनिसने विचारलं, "पुन्हा एकदा काढायचा?"

"हो," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डेलने बायकोकडे पाहिलं, कॅरिनने डेलकडे. व्हर्नाने पुढे होऊन माझ्या कपाळाला हात लावला.

"पहिल्यांदाच विचारलं तिने," ती म्हणाली. "बरं आहे ना रे तुला?"

मी पायऱ्या उतरून फोनकडे निघालो होतो, आणि मागे कॅरिन सगळ्यांना सांगत होती, जागा सोडा, जागा सोडा, बाबा पळत येतायत.